लाडकीमावशीची माती

लाडकीमावशीच्या डोक्यात ती गोष्ट मी घातली, असं नवापुरात पुष्कळ दिवस बोललं जात होतं. ते अगदीच खोटं नाही. पण मी आपलं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराचं मावशी पुढं काय करणार, हे मला कुठून ठाऊक असणार?

आम्ही नेवाशाकडचे, गोसावी. सदुसष्ट साली तारापूरला अणुभट्टीचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि आमचे हे, म्हणजे बन्सी, तिथं सळ्या बांधायच्या कामावर लागले. भट्टी म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी दारूचीच समजून आठ दिवस जेवण टाकलं होतं, ती गोष्ट वेगळी. बोईसरला खोली मिळेना, म्हणून सायकलच्या टप्प्यातल्या नवापूरला लाडकीबाईंच्या घराची पडवी आम्ही भाड्यानं घेतली. मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पहिला आठवडा मी नाकाला पदर लावून जेवले. दुसऱ्या आठवड्यात बोंबलाची चटणी मागून घेतली.

लाडकीमावशी तेव्हा साठीच्या पुढची होती. बुटकी, काटकुळी, काळीभोर, अंबाड्यात रोज अबोलीचा गजरा. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा नामदेव बोट चालवायचा, सून मंजुळा घर आणि वाडी बघायची आणि मावशी सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. चाळीस वर्षं बाजारात ओरडून तिचा आवाज असा झाला होता, की ती कानात काही सांगायला लागली तर तिसऱ्या घरातली बाई उत्तर द्यायची. त्यामुळे तिच्या घरात गुपित म्हणून काही उरलेलंच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझे सासरे वारले. आम्ही गावी जाऊन पंधरा दिवसांनी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी अंगणात बोंबील वाळत घालत होती. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी बांबूवर टाकायची, असं तिचं चाललं होतं. मी मदतीला बसले.

"किती लाकडं लागली गो सासऱ्याला?" तिनं विचारलं. बाजारातली बाई, तिला आधी जिनसांचाच हिशेब सुचायचा.

"आमच्यात जाळत नाहीत, मावशी. समाधी देतात."

"समादी? साधू व्हता काय तुजा सासरा?"

"साधू कसले! विड्या ओढायचे आणि बांधावरून भांडायचे. आमच्यात सगळ्यांनाच देतात."

"म्हंजे करतात काय?"

मी सांगितलं. खड्डा खणतात. माणसाला मांडी घालून बसवतात. अंगाला भस्म लावतात, भोवती मीठ घालतात आणि वरून माती लोटतात.

मावशीचे हात थांबले. "मीठ?"

"हो. पोतंभर."

"खारवतात?"

मला वाटलं, ती थट्टा करतेय. मावशी मात्र गंभीर झाली होती. खारवणं हा तिचा धंदा होता.

"पोरी, मिठात घातलेला मासा आमी सा मयने ठेवतो. जसाच्या तसा रायतो. मेलेला माणूस टिकवून तुमाला करायचंय काय?"

मी इतकी वर्षं गोसाव्याच्या घरात नांदत होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग तिनं तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली. ते आषाढात गेले. सुरूची लाकडं ओली, वरून पाऊस. सकाळी चिता रचली ती संध्याकाळपर्यंत धुमसतच राहिली. गावातलं रॉकेल संपलं. पुरुष आळीपाळीनं सुपानं वारा घालून थकले. "जितेपणी कदी वेळेवर घरी आला नाय," मावशी म्हणाली, "आणि जातानाबी सगळ्या गावाला ताटकळत ठेवलं."

बोलता बोलता ती उठली आणि मला घरामागच्या वाडीत घेऊन गेली. तिथं अकरा माड होते, थोड्या केळी होत्या, विहीर होती. एका माडाच्या बुडाशी तिनं कोयत्यानं माती उकरली. आत काळी, भुसभुशीत, ओलसर माती.

"गणपतीत हितं मी टोपलीभर मुंडकी पुरलेली. माशांची. काटे, कल्ले, सगळं. बग, हाय काय?"

काहीच नव्हतं. एक खवला नव्हता.

"मातीला समजतं काय करायचं ते. तिला लाकूड नको, राकेल नको, सूप नको." तिनं हातातली माती झाडली. "मलाबी हितंच पुरायचं. पण मीठ नको हां."

वालाची भाजी करायची की वांग्याची, हे ठरवावं इतक्या सहज तिनं ते ठरवलं आणि पुन्हा बोंबलाकडं वळली.

घरात पहिल्यांदा कळलं ते मंजुळाला, कारण ती विहिरीवर पाणी काढत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. मंजुळा रडारड करणारी नव्हे. तिनं दोनच प्रश्न विचारले.

"कुठल्या बाजूला?"

"त्या कुंपणाकडं."

"विहिरीपासून लांब हाय नं?"

"पन्नास पावलं."

मंजुळानं मनातल्या मनात पावलं मोजली आणि मान हलवली. मग जरा थांबून म्हणाली, "पण आय, मी रोज माडाच्या झापा गोळा करायला तिकडं जाते. मला भ्या वाटेल."

"माझं? जिती असून पंधरा वर्सं मला घाबरली नायस आणि मेल्यावर घाबरशील?"

मंजुळाला ते पटलं. तिचा प्रश्न तिथंच मिटला.

नामदेवचं तसं नव्हतं. नामदेव म्हणजे सहा फुटांचा गडी. वादळात बोट सोडून न हलणारा. पण मरणाचा विषय निघाला की त्याच्या पायात वारं शिरायचं. बाप गेल्यापासून स्मशानाकडची वाट सोडून तो बंदरावर लांबच्या रस्त्यानं जायचा. मावशीनं त्याच्याशी बोलायचे तीन प्रयत्न केले आणि ते तिन्ही मी पडवीतून पाहिले.

पहिल्यांदा तिनं जेवताना गाठलं. त्याच्या तोंडात भाताचा मोठा घास आहे हे बघून म्हणाली, "नामदेव, मी मेले की मला..." तो घास तसाच घेऊन, उष्ट्या हातानं बाहेर पडला.

दुसऱ्यांदा तो जाळं दुरुस्त करत बसला होता. सगळं जाळं त्याच्या मांड्यांवर पसरलेलं. आता कुठं जाणार, असा मावशीचा हिशेब. पण तिनं "माती" एवढा शब्द काढला आणि नामदेव उठून चालायला लागला. जाळं पायात अडकलं. तो जाळ्यासकट वाळूतून बंदराकडं निघाला आणि मागून कोंबड्या जाळ्यातली मासळी टिपत चालल्या.

तिसऱ्यांदा तिनं आमच्या ह्यांना मध्ये घातलं. आमच्या ह्यांना आडपडदा ठाऊक नाही. त्यांनी नामदेवला सायकल थांबवून सांगितलं, "तुमच्या आईला पुरायचंय."

"कदी?" नामदेवनं घाबरून विचारलं.

"तसं घाईचं नाही म्हणल्या."

नामदेवला वाटलं, आईला काहीतरी दुखणं झालंय आणि ते ती लपवतेय. तो बोईसरला जाऊन डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरांनी मावशीची नाडी पाहिली, छाती तपासली, जीभ बघितली. मावशीनं जीभ बाहेर ठेवूनच त्यांना सुकी मांदेली घ्यायचा आग्रह केला. डॉक्टर म्हणाले, "आजींना काही झालेलं नाही. पण तुम्ही इकडे बसा. तुमचा रक्तदाब बघू द्या." आणि गोळ्या नामदेवला लागू झाल्या.

गोळ्या चालू झाल्यावर नामदेवला बहिणीची आठवण झाली. हंसा पालघरजवळच्या माहीमला दिलेली होती. त्यानं माहीमला जाणाऱ्या एका कोळणीजवळ निरोप दिला : आय काहीबाही बोलायला लागलीय, मातीचं बोलते, तू एकदा येऊन तिला समजाव. त्या कोळणीनं तो पालघरच्या बाजारात दुसरीला दिला, दुसरीनं केळव्याच्या तिसरीला. हंसाच्या दारात पोचला तेव्हा निरोपातले दोनच शब्द उरले होते : आय आणि माती.

हंसानं तिथंच बसकण मारली.

पुढचं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. दुपारची एस.टी. आली आणि गाडीतूनच रडण्याचा आवाज ऐकू आला. हंसा उतरली. तिच्यामागून चार अनोळखी बायका उतरल्या, त्याही डोळे पुसत. पालघरपासून हंसानं आईच्या इतक्या आठवणी सांगितल्या होत्या, की त्या बायकांना शेवटचं तोंड बघितल्याशिवाय पुढं जाववेना. कंडक्टरनंही घंटा न वाजवता गाडी दोन मिनिटं थांबवली.

मावशी ओट्यावर बसून घोळ मासा चिरत होती. रडण्याचा आवाज ऐकून तिनं कोयता खाली ठेवला, पदर सावरला आणि घाईघाईनं पुढं झाली.

"कोन गेलं गो हंसा? तुजी सासू?"

हंसानं आईकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा आईकडं. आणि तिला इतका राग आला, की ती आधीपेक्षाही मोठ्यानं रडायला लागली. चार बायका अवघडून उभ्या होत्या. मावशीनं त्यांना चहा पाजला, सगळी हकिगत सांगितली आणि प्रत्येकीला सुक्या बोंबलाची जुडी देऊन पुढच्या गाडीत बसवलं. त्यातली एक जाताना म्हणाली, "बाई, आमी आलो ते फुकट नाय गेलं."

पण हंसा ऐकायला तयार नव्हती. "आपल्यात असं कोन करतं? लोक काय म्हंतील? माझ्या सासरी तोंड कसं दाखवू?" आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. "ही गोसावीण घरात आली आणि हे सुरू झालं. हिनं काय करणी केली काय?"

मी घाबरले. आमचे हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी गाठोडं बांधत होते. त्यांनी मलाच झापलं. "बापाची गोष्ट सांगायची तर सांगायची. मिठापर्यंत कशाला जायचं?"

हंसानं मग जानूबाबांना बोलावलं. जानूबाबा मावशीचे धाकटे दीर आणि गावातल्या जमातीचे पुढारी. लग्न, भांडण, बोटीची वाटणी, सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. रविवारी सकाळी ते अंगणात खाटेवर येऊन बसले. डोक्याला लाल टोपी, हातात काठी. बाकी आम्ही सगळे खाली. नामदेव दाराजवळ, म्हणजे निघायला बरं.

"वयनी," जानूबाबा म्हणाले, "आपल्यात अग्नी देतात. आपल्या वाडवडलांपासून देतात. तुला काय वेगळं शिंग फुटलंय?"

"अग्नी कोन नको म्हंतो? तुमी घ्या. मला माती द्या."

"आपल्यात फकस्त लहान लेकरांना पुरतात."

"मग मला लेकरू समजा. दात नायत, उंची नाय, आणि सांगितलेलं कोन ऐकत नाय."

कुणीतरी हसलं. जानूबाबांनी काठी आपटली. "मस्करी नको. मोठ्या माणसाला पुरल्याचं एक तरी नाव सांग. हितं नवापुरात कोनाला पुरलंय?"

मावशीनं वाडीकडं पाहिलं. मग तिच्या मानानं अगदी हळू आवाजात, म्हणजे आपण नेहमी बोलतो तशा आवाजात, म्हणाली, "माझ्या पयल्या लेकराला पुरलंय. कुंपणाकडं. भावजी, खड्डा तुमीच खणला व्हता."

नामदेवनं हंसाकडं पाहिलं, हंसानं नामदेवकडं. दोघांनाही ठाऊक नव्हतं की त्यांच्याआधी कुणी होतं.

"मुलगी व्हती," मावशी म्हणाली. "आठ मयन्यांची. तुमचा भाव बोटीवर गेलेला. मला उठू देत नव्हते. तुमी सोळा वर्सांचे. कुदळ घेतली आणि एकटे गेलात."

जानूबाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती ते कधी काढत नसत, म्हणून त्यांचं टक्कल त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ ते काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले.

"मला वाटलं, तू विसरलीस," ते म्हणाले.

"विसरायला काय झालं? तिथंच तर रोज जाते मी."

मग जानूबाबांनी घसा खाकरला, टोपी परत घातली आणि निकाल दिला. "जमातीचा मानूस म्हनून मी हो बोलत नाय. दीर म्हनून बोलतो. पण कागद करून घ्या. मागून सरकारचा त्रास नको."

कागद आमच्या ह्यांनी लिहिला, कारण चार इयत्ता शिकलेले तेवढेच मोकळे होते. मावशी तो घेऊन स्वतः चावडीवर गेली, बरोबर हे आणि मी. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला.

"मयत कोण?"

"मी," मावशी म्हणाली.

कारकुनानं चष्मा काढून पुसला. "आजी, अर्ज मयत झाल्यावर करायचा असतो."

"तवा मला यायला कसं जमेल?"

कारकुनानं पुष्कळ विचार केला. त्याच्याकडं असा अर्ज आधी आला नव्हता. शेवटी त्यानं अर्जाखाली 'खाजगी जमीन, विहिरीपासून अंतर पन्नास पावले, अर्जदार समक्ष हजर' असं लिहिलं आणि मावशीचा अंगठा घेतला. मावशीनं त्यालाही मांदेली देऊ केली. त्यानं हात जोडले.

आता राहिला नामदेव. त्यानं तोंडानं हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. संक्रांतीनंतर मावशीनं जाहीर केलं, की एकदा खणून बघायचं. समुद्राकाठची जमीन, खाली पाणी लागलं तर ऐनवेळी पंचाईत. आमच्या ह्यांनी सुट्टीच्या दिवशी कुदळ घेतली. पहिल्या जागी कमरेइतकं खणल्यावर पाणी आलं. जरा उंचवट्याकडं सरकून पुन्हा खणलं. छातीइतकं गेलं तरी कोरडं.

मावशी काठावर उभी राहून बघत होती. "बसवायचं कसं म्हनालीस तुमच्यात?"

"मांडी घालून," मी म्हणाले.

"बगू तर."

आम्ही नाही नाही म्हणेपर्यंत ती ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरलीसुद्धा. मांडी घालून बसली. थोडा वेळ डोळे मिटले. मग उघडले.

"नाय जमायचं. जन्मभर बाजारात उकिडवी बसून गुडघे गेले माझे. मेल्यावरबी बसायचं? मला आडवीच ठेवा."

हे वर चढून आले आणि खड्डा लांबीला किती वाढवावा ते मोजू लागले. मावशीला उठवेना. गुडघे धरले होते. मी वरून हात दिला, मंजुळानं दिला, ह्यांनी दिला, तरी ती जागची हलेना. शेवटी मंजुळा बंदराकडं धावली आणि आई खड्ड्यात पडलीय असं ओरडली. नामदेव कुठल्याशा बोटीवरून उडी टाकून, चिखलाच्या पायांनी पळत आला आणि विचार न करता खाली उतरला.

तो खाली पोचताच मावशीनं त्याच्या सदऱ्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली.

"आता बस," ती म्हणाली. "आता कुठं जाशील?"

नामदेव खरंच बसला. सहा फुटांचा माणूस त्या खड्ड्यात गुडघे पोटाशी घेऊन आईसमोर बसलेला. आम्ही तिघं काठावरून मागं सरलो. पण मावशीचा आवाज मागं सरल्यानं कमी होणारा नव्हता.

"तू घाबरतोस कशाला?"

"मी घाबरत नाय."

"तुजा रक्तदाब घाबरतो काय मग?"

मग मावशीच पुढं म्हणाली,

"बाबाच्या येळेला तू फुंकत व्हतास. सकाळपासनं संध्याकाळपावतर. सगळे दमून बसले, तू एकटा फुंकत व्हतास. मी दारातनं बघत व्हते."

मग नामदेवचा आवाज आला. "आय, बाबा जळत नव्हता. मला वाटलं, माझ्याच हातून चुकलं. लाकडं मी आणलेली."

"म्हनून तर सांगते. तुला पुन्यांदा ते करायला नको. माती लोटायची आणि घरी येऊन जेवायचं."

मंजुळा पदरानं नाक पुसत होती आणि आमचे हे उगीचच कुदळीचा दांडा तपासत होते. मग नामदेव म्हणाला, "मीठ नको नं?"

"नको."

"पेटी?"

"लाकूड कशाला वाया घालवतोस? माझं हिरवं लुगडं हाय. जुनं. मऊ झालंय."

"बरं," नामदेव म्हणाला.

एवढंच ते बोलणं. त्यासाठी दोन महिने लागले होते. मग त्यानं आईला मुलासारखं उचलून काठावर बसवलं, पण त्याला स्वतःला चढताना काठची वाळू ढासळायला लागली आणि आम्हाला सगळ्यांना मिळून त्याला ओढून काढावं लागलं.

राहिली हंसा. तिला हळूहळू सगळं मान्य झालं होतं, लेकराची गोष्ट कळल्यापासून ती आईशी भांडतही नव्हती. पण तोंड पाडून बसायची. मावशीनं खोदून खोदून विचारल्यावर खरं कारण बाहेर आलं. माणूस जाळला तर अस्थी असतात. अस्थी असल्या तर नाशिकला जावं लागतं. हंसानं जन्मात नाशिक पाहिलं नव्हतं. आईच्या अस्थी घेऊन मीच जाणार, असं तिनं नवऱ्याकडून फार वर्षांपूर्वी कबूल करून घेतलं होतं. आता अस्थी नाहीत, तर नाशिकही नाही.

मावशीनं कपाळाला हात लावला. "गो बये, नाशिक बगायला मी मरायला कशाला पायजे? चल की."

होळीच्या आधी दोघी पालघरहून एस.टी.नं गेल्या. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत. चार दिवसांनी परत आल्या तेव्हा हंसा खुलली होती. मावशीनं गोदावरीत स्वतःच डुबकी मारली होती. कशी होती नदी, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बरी हाय. पण पानी अळणी."

त्यानंतर वर्षभर ती तशीच धडधाकट बाजारात बसली. तो खड्डा मंजुळानं दुसऱ्या आठवड्यातच बुजवून टाकला. उघडा खड्डा ठेवला तर म्हशी पडतील म्हणाली. आत मासळीची घाण टाकली आणि वर केळ लावली.

एकोणसत्तर साली माघात, सकाळी पेज पिऊन मावशी जरा आडवी झाली आणि उठली नाही. मंजुळानं मला हाक मारली तेव्हा अंगणात कोवळं ऊन होतं. नामदेव घरीच होता. तो कुठं गेला नाही. त्यानं कुदळ घेतली आणि वाडीत गेला. थोड्या वेळानं जानूबाबाही काठी टेकत त्याच्यामागं गेले, आणि वय झालेलं असूनही त्यांनी चार घाव घातलेच. मंजुळाच्या केळीला घड लागला होता. मंजुळा म्हणाली, केळ तोडायची नाही, आयला आवडलं नसतं. म्हणून मग शेजारीच, जरा तिरकं खणलं.

स्मशानात बायका जात नाहीत. पण ही आमचीच वाडी, घराच्या मागची. तिथं जाऊ नका असं आम्हाला कुणी म्हणू शकलं नाही. हंसा माहीमहून आली, ह्या वेळी एकटीच, आणि आईच्या पायाशी उभी राहिली. हिरव्या लुगड्यात मावशी अगदी लहान दिसत होती. नामदेव आत उतरला, जानूबाबांनी आणि ह्यांनी वरून हात दिला आणि त्यानं तिला आडवी ठेवली. मग आम्ही सगळ्यांनी मूठ मूठ माती घातली. दुपार व्हायच्या आत सगळं झालं.

लोक अंगणात बसले होते. तेव्हा हंसानंच सुरुवात केली. नाशिकच्या गाडीत काय झालं ते आयनं तुमाला कदी सांगितलं नसेल, म्हणाली. जव्हारच्या घाटात शेजारच्या बाईनं मावशीला विचारलं, कुठं निघालात. मावशीनं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, खड्ड्यासकट, आणि तिच्या त्या आवाजात सांगितली, म्हणजे ड्रायव्हरपर्यंत. मोखाड्याला गाडी थांबली तेव्हा दोन म्हाताऱ्या आपापल्या मुलांशी भांडत उतरल्या. आणि मावशीनं सगळ्या गाडीला सांगून ठेवलं, की नवापूरला याल तेव्हा घरी या, मी नसले तर मागं वाडीत असेन.

आधी आमचे हे हसले. मग जानूबाबा. मग नामदेव हसायला लागला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसतही होता. आतून मंजुळानं ओरडून सांगितलं, की शेजारच्यांनी भात आणून ठेवलाय, तो गार होतोय, हात धुऊन जेवायला चला.